संख्याशास्त्राची बाराखडी : वऱ्हाडाच्या आकड्यांतून

देशातील शेतकरी आत्महत्यांचा आकडा २०१३ साली ११,७७२ होता. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, तो ५,६५० वर आला. एका वर्षात निम्म्याहून अधिक घट झाली, असे या दोन आकड्यांवरून कोणालाही वाटेल. दोन्ही आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अधिकृत अहवालांतील आहेत आणि त्यांच्या बेरजेत कोठेही चूक नाही. तरीही त्यावरून काढलेला ‘निम्म्याने घट’ हा निष्कर्ष टिकत नाही. कारण २०१४ च्या अहवालात वर्गवारीच बदलली होती. ‘शेतकरी’ आणि ‘शेतमजूर’ असे दोन स्वतंत्र रकाने त्या वर्षी करण्यात आले. शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० मृत्यू नोंदले गेले. दोन्ही रकान्यांची बेरीज १२,३६० होते, आणि ती आदल्या वर्षीच्या आकड्याहून अधिकच भरते.

आकडा खोटा नसतानाही वाचणाऱ्याची दिशाभूल कशी होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. पश्चिम विदर्भात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांच्या अमरावती विभागात, अशा आकड्यांवर बरेच काही अवलंबून असते. मदतीचे पॅकेज, दुष्काळाच्या सवलती, मेळघाटातील आरोग्य केंद्रे, या साऱ्यांचे निर्णय कोणत्या ना कोणत्या पाहणीचा आधार घेऊन होतात. या पाहण्या समजून घ्यायच्या, तर संख्याशास्त्रातील काही मूलभूत संकल्पनांची ओळख हवी. त्यांतील गणित अवघड नाही. अवघड असतो तो आकड्याला योग्य प्रश्न विचारण्याचा सराव.

मोजण्यापूर्वीची व्याख्या

सामाजिक संशोधनात ज्या गोष्टीचे मूल्य व्यक्तीगणिक, कुटुंबागणिक किंवा गावागणिक बदलते, तिला ‘चल’ म्हणतात. वय, जमीनधारणा, कर्ज, शिक्षण, धर्म, पीक हे सारे चल होत. यांपैकी काही संख्येत मोजता येतात, तर काहींची केवळ वर्गवारी करता येते. कर्जाचे रुपये मोजता येतात, त्यांची बेरीज आणि सरासरीही काढता येते. जात, गाव किंवा पिकाचे नाव यांची मात्र फक्त गणना होते. प्रश्नावलीत कापसाला १, सोयाबीनला २ आणि तुरीला ३ असे सांकेतिक क्रमांक दिले, म्हणून त्यांची सरासरी ‘१.८’ काढण्यात काही अर्थ नसतो. ‘समाधानी, थोडा समाधानी, असमाधानी’ अशा उत्तरांना क्रम असतो. परंतु दोन पायऱ्यांमधील अंतर सारखेच आहे, याची खात्री नसते. कोणते गणित चालेल आणि कोणते चालणार नाही, हे चलाच्या स्वरूपावरून ठरते.

त्याहून महत्त्वाची असते ती कार्यात्मक व्याख्या. एखादी संकल्पना प्रत्यक्ष मोजताना कोणाला धरायचे आणि कोणाला वगळायचे, याचा लेखी नियम म्हणजे कार्यात्मक व्याख्या. ‘शेतकरी’ हा शब्द बोलण्यात सोपा वाटतो. पण पाहणीच्या तक्त्यात उतरवताना प्रश्न उभे राहतात. सातबारावर ज्याचे नाव तोच शेतकरी काय? दुसऱ्याची जमीन ठोक्याने किंवा बटईने कसणारा कोण? वडिलांच्या नावावरील शेत राबून कसणारा मुलगा कोण? आणि आयुष्यभर निंदण, खुरपण, वेचणी करणारी, पण उताऱ्यावर नाव नसलेली बाई कोणत्या रकान्यात जाते?

शासकीय मदतीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ शाब्दिक राहत नाही. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देण्याची योजना राज्य शासनाने आखली, तेव्हा त्यासाठी जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा असे निकष ठरले. प्रत्येक प्रकरण तपासून ते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवले जाऊ लागले. त्यामुळे एकाच जिल्ह्याचे दोन आकडे प्रसिद्ध होतात : एकूण नोंदलेल्या घटनांचा आणि त्यांपैकी पात्र ठरलेल्यांचा. यांपैकी कोणता आकडा बातमीत आला आहे, हे न पाहता दोन वर्षांची तुलना केली, तर निष्कर्ष हवा तसा वाकवता येतो. निकषांच्या एका ओळीमुळे तक्त्यातील अंक तर बदलतोच, शिवाय एखाद्या घराला मदत मिळणार की नाही हेही ठरते.

छेदाकडे दुर्लक्ष नको

दोन जिल्ह्यांत वर्षभरात एखाद्या आजाराचे प्रत्येकी १०० रुग्ण आढळले, असे समजा. दोन्हीकडे परिस्थिती सारखीच आहे, असे म्हणता येईल काय? २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८,८८,४४५ होती, तर वाशीमची ११,९७,१६०. म्हणजे अमरावतीत दर लाखामागे सुमारे साडेतीन रुग्ण आणि वाशीममध्ये आठाहून अधिक. रुग्णांची संख्या सारखी, पण धोका दुपटीहून जास्त. नुसत्या संख्येला ‘वारंवारता’ म्हणतात, आणि तिला लोकसंख्येने भागून विशिष्ट प्रमाणात मांडले की ‘दर’ मिळतो. तुलना करायची असेल, तर ती दरांची करावी लागते.

दर काढताना छेदात कोण आहे, हेही पाहावे लागते. शेतकऱ्यांमधील आत्महत्यांचे प्रमाण काढायचे असेल, तर एकूण लोकसंख्येने भागून चालत नाही, शेतकऱ्यांच्या संख्येने भागावे लागते. मुंबईतील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये मांडलेल्या अभ्यासात हीच पद्धत वापरली होती. त्यांच्या हिशेबानुसार महाराष्ट्रातील पुरुष शेतकऱ्यांमधील आत्महत्येचा दर १९९५ मध्ये लाखामागे १७ होता, तो २००४ मध्ये ५३ वर गेला. अवघ्या नऊ वर्षांत तो तिपटीने वाढला. ‘आत्महत्या काय, सगळ्याच समाजात होतात’ या युक्तिवादाला उत्तर मिळाले, ते योग्य छेद निवडल्यामुळे.

छेदाच्या सीमाही बदलत असतात. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम हा वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे १९९१ चा ‘अकोला जिल्हा’ आणि २००१ चा ‘अकोला जिल्हा’ हे नावाने एक असले, तरी भूभागाने एक नाहीत. दोन्ही जनगणनांचे आकडे शेजारी ठेवून ‘अकोल्याची लोकसंख्या घटली’ असे कोणी लिहिले, तर ती घट लोकांची नसून नकाशाची असते.

सरासरीचे तीन चेहरे

एका गावातील दहा शेतकऱ्यांची जमीन एकरांत अशी आहे, असे मानू : २, २, ३, ३, ३, ४, ५, ५, ६ आणि ४७. सर्वांची बेरीज ८० एकर, म्हणून सरासरी ८ एकर. परंतु या दहांपैकी एकाकडेही आठ एकर जमीन नाही. नऊ जणांकडे सहा किंवा त्याहून कमी आहे. एका मोठ्या जमीनदाराने साऱ्या गावाची सरासरी वर ओढून नेली.

ही नेहमीची सरासरी म्हणजे ‘मध्य’. सर्व मूल्ये चढत्या क्रमाने मांडून बरोबर मधले मूल्य घेतले, तर तो ‘मध्यक’. येथे पाचवे मूल्य ३ आणि सहावे ४ आहे, म्हणून मध्यक साडेतीन एकर येतो. सर्वांत जास्त वेळा आलेले मूल्य म्हणजे ‘बहुलक’, तो येथे ३ एकर आहे. या गावातील सामान्य शेतकऱ्याचे चित्र मध्यक आणि बहुलक दाखवतात, मध्य दाखवत नाही. उत्पन्न, जमीन, कर्ज, घरभाडे अशा विषम वाटणीच्या गोष्टींत मध्यक अधिक विश्वासार्ह ठरतो. ‘सरासरी उत्पन्न वाढले’ अशी घोषणा वाचताना ही वाढ सर्वांची आहे की सत्तेचाळीस एकरवाल्या एकाची, हे विचारण्याचा हक्क वाचकाला आहे.

मध्य निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. तालुक्यात एकूण किती बियाणे लागेल, हे काढायचे असेल, तर मध्यच उपयोगी पडतो, कारण त्याला एकूण संख्येने गुणले की बेरीज मिळते. कोणता प्रश्न विचारला आहे, त्यावर कोणती सरासरी घ्यायची हे ठरते.

सरासरी सारखी, नशीब वेगळे

दोन गावांत प्रत्येकी पाच शेतांतील कापसाचे एकरी उत्पादन पाहू. पहिल्या गावात ४, ५, ५, ५, ६ क्विंटल. दुसऱ्या गावात १, २, ५, ८, ९ क्विंटल. दोन्ही गावांचा मध्य ५ आणि मध्यकही ५. कागदावर दोन्ही गावे सारखीच. प्रत्यक्षात पहिल्या गावात सर्वांची स्थिती जवळजवळ एकसारखी आहे. दुसऱ्या गावात एकीकडे भारी काळी जमीन आणि ओलीत, तर दुसरीकडे मुरमाड हलके शेत आणि पूर्णपणे पावसाचा भरवसा.

मूल्ये सरासरीभोवती किती विखुरली आहेत, हे सांगणाऱ्या मापाला ‘प्रमाण विचलन’ म्हणतात. प्रत्येक मूल्याचे मध्यापासूनचे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घ्यायचे. पहिल्या गावासाठी हे माप सुमारे ०.६ क्विंटल येते, दुसऱ्यासाठी सुमारे ३.२ क्विंटल. पाचपट फरक! मदतीचा निर्णय केवळ सरासरीवर झाला, तर दुसऱ्या गावातील एक-दोन क्विंटलवाले शेतकरी आठ-नऊ क्विंटलवाल्यांच्या सावलीत झाकले जातात. दुष्काळी सवलतींचा निर्णय दीर्घकाळ ज्या पैसेवारीवर होत आला, तिच्यात गावाचा एकच आकडा पन्नास पैशांच्या वर की खाली एवढेच पाहिले जाई. गावात दरवर्षी पैसेवारीवरून जो असंतोष उमटतो, त्याचे एक कारण या विखुरलेपणात आहे.

प्रमाण विचलनाचा सर्वांत गाजलेला वाद महाराष्ट्रातील विद्वानांमध्येच झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात माणशी दररोज २,२५० उष्मांक ही मर्यादा धरली होती. त्याहून कमी अन्न परवडते, तो गरीब. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. निरोगी माणसांची गरजही एकसारखी नसते, ती सरासरीच्या वर-खाली पसरलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते. सरासरी गरज हीच सीमारेषा मानली, तर कमी गरज असलेली अनेक धडधाकट माणसेही कुपोषितांत मोजली जातील. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून सीमारेषा आखावी, असे त्यांनी सुचवले. दांडेकरांना हे मान्य नव्हते. गरिबांची संख्या त्यामुळे कागदावर कमी दिसेल, हा धोका उघड होता. कोट्यवधी माणसे गरीब ठरणार की नाही, हे एका संख्याशास्त्रीय मापावर अवलंबून असू शकते, हे त्या वादाने दाखवून दिले.

शितावरून भाताची परीक्षा

ज्या सर्वांबद्दल निष्कर्ष काढायचा, त्या संपूर्ण समूहाला ‘समष्टी’ म्हणतात, आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी त्यातून निवडलेल्या भागाला ‘नमुना’. काही वेळा संपूर्ण समष्टीच मोजली जाते. २००६ मध्ये अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांतील १७ लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी करण्यात आली होती. असे काम खर्चाचे, वेळखाऊ आणि मनुष्यबळ खाणारे असते. एरवी नमुन्यावरच भागवावे लागते.

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. ती होते, कारण पातेल्यातील प्रत्येक दाण्याला सारखीच आच लागलेली असते. समाज असा एकसारखा शिजलेला नसतो. अमरावतीच्या राजापेठ परिसरातील कुटुंबांच्या कर्जबाजारीपणाचा अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याला करायचा आहे, असे समजा. तो सकाळी अकरा वाजता राजापेठ चौकात उभा राहिला आणि समोर येईल त्याला प्रश्न विचारत गेला. दिवसभरात दोनशे प्रश्नावल्या भरल्या. नमुना मोठा दिसतो. पण त्यात कोण आले? दुकानदार, खरेदीला आलेले ग्राहक, बडनेरा रस्त्याने ये-जा करणारे, ज्यांतील अनेकांचे राजापेठेत घरही नसेल. कोण राहिले? सकाळीच कामावर गेलेले मजूर, घरात असलेल्या स्त्रिया, वृद्ध, आजारी. असा नमुना कितीही वाढवला, तरी चूक सुधारत नाही. चारशे लोकांना विचारले, तर तीच चूक दुप्पट आत्मविश्वासाने होते. निवडीतील या एकतर्फी झुकावाला ‘अभिनती’ म्हणतात.

यावर उपाय म्हणजे ‘यादृच्छिक’ निवड. यादृच्छिक म्हणजे मनाला येईल तशी किंवा वाटेल त्याची निवड, हा मोठा गैरसमज आहे. अर्थ नेमका उलटा आहे. निवड माणसाच्या मनावर न सोडता चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून करायची, म्हणजे समष्टीतील प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरावीक, माहीत असलेली संधी मिळते. त्यासाठी आधी परिसरातील सर्व घरांची यादी हवी. यादीतील पहिले घर चिठ्ठीने काढून पुढे दर विसावे घर घेतले, तर ती ‘पद्धतशीर’ निवड झाली. मालकीची घरे, भाड्याची घरे आणि झोपडपट्टी असे स्तर पाडून प्रत्येकातून स्वतंत्र नमुना घेतला, तर ती ‘स्तरित’ निवड झाली. मतदारयादीचा आधार घेतला, तर नुकतेच गावाकडून स्थलांतरित झालेले कुटुंब तिच्यात सापडणार नाही, आणि कर्जाच्या दृष्टीने तेच कुटुंब कदाचित सर्वांत अडचणीत असेल, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या विचाराशी वऱ्हाडाचे जुने नाते आहे. पिकाचा अंदाज पूर्वी महसुली कर्मचारी नजरेने घेत असत. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून, तेथील पीक प्रत्यक्ष कापून-मोजून अंदाज घेण्याची पद्धत देशात रुजवली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील कापूस हे तिच्या सुरुवातीच्या प्रयोगक्षेत्रांपैकी एक होते. आजही पीककापणी प्रयोग त्याच तत्त्वावर चालतात. शेत कोणते निवडायचे हे कर्मचाऱ्याच्या सोयीवर सोडले, तर रस्त्याकडेचे शेत निवडले जाते, आणि रस्त्याकडेचे पीक संपूर्ण शिवाराची साक्ष देईलच असे नाही.

नमुना किती मोठा असावा, याचेही एक गणित आहे. ‘होय-नाही’ स्वरूपाच्या प्रश्नाला यादृच्छिक निवडलेल्या १०० जणांनी दिलेल्या उत्तरात सुमारे १० टक्के इकडे-तिकडे होण्याची शक्यता धरावी लागते. ४०० जणांत ती सुमारे ५ टक्के होते आणि १,६०० जणांत अडीच टक्के. म्हणजे चूक निम्मी करायची, तर नमुना चौपट करावा लागतो. ही मर्यादा शंभरांतील पंचाण्णव वेळा खरी ठरते, म्हणून तिला ९५ टक्के विश्वासाची मर्यादा म्हणतात. एखाद्या पाहणीत ५२ टक्के लोक एका बाजूने आणि ४८ टक्के दुसऱ्या बाजूने असतील आणि नमुना ४०० चा असेल, तर कोण पुढे आहे हे त्या पाहणीला माहीतच नसते.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला

दोन चल एकत्र वाढतात किंवा एक वाढला की दुसरा घटतो, तेव्हा त्यांच्यात ‘सहसंबंध’ आहे असे म्हणतात. त्याचे मोजमाप उणे १ ते अधिक १ या दरम्यान असते. शून्याच्या जवळ असेल, तर सरळ रेषेतला संबंध नाही. एक किंवा उणे एकाच्या जवळ असेल, तर संबंध घट्ट. परंतु सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. कावळा फांदीवर बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे होत नाही.

बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर त्याचा पेरा वाढत गेला, आणि विदर्भातील आत्महत्यांच्या बातम्याही वाढल्या. दोन्ही रेषा एका आलेखावर काढल्या, तर त्या सोबत चढताना दिसतात. त्यावरून काहींनी बियाण्याला दोषी ठरवले. तथापि, वर उल्लेखिलेल्या अभ्यासातील आकडे १९९५ पासूनचे आहेत आणि शेतकरी आत्महत्यांतील वाढ बीटी येण्यापूर्वीच सुरू झाली होती. याचा अर्थ महागड्या बियाण्याचा खर्चावर परिणाम झाला नाही, असा नाही. आलेख शेजारी ठेवून बियाणे दोषीही ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही, एवढेच. कोरडवाहू शेती, भावातील चढउतार, बँकेच्या कर्जाचा तुटवडा, सावकारी असे अनेक घटक त्याच काळात काम करीत होते. दोन गोष्टींच्या मागे उभ्या असलेल्या अशा तिसऱ्या घटकाला ओळखणे, हे संशोधकाचे खरे काम असते.

तुलनेसाठी दुसरा गट

मिश्रा यांच्या अभ्यासात वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतील १११ आत्महत्याग्रस्त कुटुंबांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी ८७ टक्के प्रकरणांत कर्जबाजारीपणा आणि ७४ टक्के प्रकरणांत आर्थिक स्थितीची घसरण आढळली. ‘८७ टक्के’ हा आकडा वाचताच कारण सापडले, असे वाटते. पण तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याच गावांतील, त्याच परिस्थितीतील, परंतु जिवंत असलेल्या शेतकऱ्यांमध्येही ८७ टक्के कर्जबाजारी असतील, तर कर्ज हा फरक करणारा घटक उरत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २००३ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ५५ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होतीच.

म्हणून त्या अभ्यासात १०६ अशा कुटुंबांचीही पाहणी करण्यात आली, जेथे आत्महत्या झाली नव्हती. हा ‘नियंत्रण गट’. दोन्ही गट शेजारी ठेवल्यावर फरक स्पष्ट झाला. आत्महत्याग्रस्त कुटुंबांवरील थकीत कर्जाची सरासरी अधिक होती, मालमत्ता कमी होती, अडीनडीला विकता येणारी बैलजोडी कमी घरांत होती, कुटुंबे मोठी होती आणि शेतमालाचे मूल्य कमी होते. शिवाय एका प्रकरणात सरासरी चार जोखमीचे घटक एकत्र आढळले. ‘कर्ज की कौटुंबिक कारण की व्यसन’ असा एकाच कारणाचा जो वाद नेहमी रंगतो, तो यामुळे अपुरा ठरतो. या अभ्यासाने एकच कारण नव्हे, तर कारणांची साखळी दाखवली.

योगायोग की परिणाम?

दोन गटांत फरक दिसला, तरी तो योगायोगाने आला असेल काय, हा प्रश्न राहतोच. तो सोडवण्याची संख्याशास्त्राची रीत न्यायालयासारखी आहे. आरोपी निर्दोष आहे असे धरून खटला चालतो. त्याप्रमाणेच ‘प्रत्यक्षात काहीही फरक नाही’ असे गृहीत धरून सुरुवात होते. याला ‘शून्य परिकल्पना’ म्हणतात. ती खरी असती, तर प्रत्यक्षात दिसला एवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे काढले जाते. ही शक्यता शंभरात पाचाहून कमी असेल, तर फरक ‘सार्थ’ मानण्याची सर्वसाधारण प्रथा आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला आणि तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत काळजी पुरवण्यात आली, तर ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी सुमारे ६२ वरून २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो जवळजवळ होता तेथेच राहिला. हा फरक योगायोगाने येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी होती. तुलनेची गावे नसती, तर ‘त्या काळात सगळीकडेच मृत्यू कमी झाले असतील’ अशी शंका घेता आली असती. आशा कार्यकर्तीने नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासणी करण्याची जी पद्धत पुढे देशभर आली, तिच्या पाठीशी हा पुरावा होता.

मेळघाटातील बालमृत्यूंचे आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी लागते. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील एखाद्या पाड्यावर वर्षात २० बाळे जन्मली आणि एक दगावले, तर दर हजारी ५० होतो. दुसऱ्या वर्षी दोन दगावली, तर तो १०० होतो. ‘बालमृत्यू दुप्पट’ असे मथळे येतात. तिसऱ्या वर्षी एकही दगावले नाही, तर दर शून्य, आणि योजनेचे यश जाहीर होते. इतक्या लहान संख्येत दर असाच उड्या मारतो. म्हणून अनेक गावे आणि अनेक वर्षे एकत्र करूनच कल पाहावा लागतो. अर्थात, याचा आधार घेऊन एखाद्या पाड्यावरील मृत्यूकडे ‘योगायोग’ म्हणून दुर्लक्ष करता येत नाही. दर काढायला गावे एकत्र करावी लागतात. बाळ का दगावले, याची चौकशी मात्र एकेका बाळाचीच करावी लागते.

‘सार्थ’ आणि ‘महत्त्वाचे’ यांतही गल्लत होऊ नये. नमुना फार मोठा असेल, तर अगदी क्षुल्लक फरकही सार्थ ठरतो, आणि नमुना फार लहान असेल, तर मोठा परिणामही निसटून जातो. ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. पुरावा अपुरा म्हणून सुटलेला आरोपी निर्दोषच असतो, असे नाही.

वाचकाने विचारायचे प्रश्न

उद्या एखाद्या पाहणीचा आकडा समोर आला, तर या साऱ्या संकल्पना चार-पाच साध्या प्रश्नांत मावतात. नेमके काय मोजले आणि व्याख्या कोणती? छेदात कोण? सरासरी कोणती आणि तिच्याभोवती पसारा किती? नमुना कोणी, कसा निवडला आणि त्यातून कोण सुटले? तुलना कोणाशी? या प्रश्नांची उत्तरे अहवालात नसतील, तर आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत दिलेला असो, तो अर्धवटच समजावा.

यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, कारण व्याख्या तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. पश्चिम विदर्भात कापूस वेचणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि सातबारावर मात्र बहुधा पुरुषाचे नाव असते. सातबाराला व्याख्या मानणाऱ्या पाहणीत या स्त्रिया शेतकरी म्हणून दिसणार नाहीत, आणि त्या नमुन्याचा आकार, यादृच्छिकता, सार्थकता हे सारे अचूक असले, तरी ही उणीव भरून निघणार नाही. तक्त्याला रकानेच नसलेली माणसे कोणत्याही सूत्राने सापडत नाहीत. त्यासाठी पाहणी सुरू होण्यापूर्वीच, प्रश्नावलीचा पहिला मसुदा टेबलावर असताना, कोणीतरी विचारावे लागते : शेतात राबणारी ही बाई कोणत्या रकान्यात लिहायची?